ओला चौक

तिकिटावर आमच्या गटाची वेळ छापली होती, अकरा वीस. आठ माणसं, पंचवीस मिनिटं. रविवार होता. तलासरीजवळच्या त्या संग्रहालयाच्या आवारात सुरतेच्या आणि मुंबईच्या बस इतक्या दाटल्या होत्या, की रिक्षावाल्याने आम्हाला फाटकाच्या बरंच अलीकडे उतरवलं. आत नुसती जत्रा. वारली चित्रांचे टी-शर्ट, वारली चित्रांचे कप, आइस्क्रीमच्या गाडीवरही तारपा वाजवणारा माणूस. ज्या पाड्यांवरून ही चित्रं आली तिथे उन्हाळ्यात अजून पाण्याचा टँकर लागतो. पण ते कपावर कोण छापणार?

माझ्यासोबत रूपी होती. सेहेचाळीस वर्षांची, निळ्या पातळातली, नव्या चपला चावत असल्याने जरा लंगडत चालणारी. फाटकावर तिची कापडी पिशवी जमा करून घेतली तेव्हा तिने ती डाव्या हाताने दिली. उजवा हात मात्र तिने पदराखालून बाहेर काढला नाही. मला ते दिसलं होतं. मी त्याचा विचार केला नाही, एवढंच.

आम्ही जे चित्र बघायला आलो होतो ते रूपीच्याच लग्नाचं होतं, आणि ते तिथे माझ्यामुळे होतं.

मी मूळचा डहाणूच्या किनाऱ्यावरचा. आईने टोपलीतून मासळी विकून मला शिकवलं. शहाण्णव साली रूपीच्या पाड्यावरच्या शाळेत मी मास्तर होतो आणि मला चित्रांचा नाद होता. लग्नघरात वारली बायका शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट, म्हणजे लग्नाची देवी. लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, त्या चौकापुढे गाणी म्हणते. रूपीच्या लग्नात पाड्यातल्या बायकांनी रात्रभर बसून असा चौक लिहिला, की मी पहाटे बघायला गेलो आणि दारातच उभा राहिलो. त्याच सकाळी वऱ्हाडाचा टेम्पो घाटात उलटला. नवरा, देवजी, जागीच गेला.

भिकी नावाची म्हातारी धवलेरी होती. ती म्हणाली, पीठ ओलं आहे तोवर नवरीने आपल्या हाताने चौक पुसून टाकायचा. लग्न लागलं नाही आणि चौक मात्र भिंतीवर, असं ठेवायचं नसतं. तो भिंतीवर आहे तोवर नवरीचा माणूस टिकत नाही. रूपी शेणाचा गोळा घेऊन उठलीही होती. मधे पडलो तो मी. इतकं सुंदर चित्र पुसायचं? दोन दिवस थांबा, म्हटलं. त्या पाड्यात गुरुजींचा शब्द कुणी मोडत नसे आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. तिसऱ्या दिवशी मी बोलावलेली शहरातल्या एका ट्रस्टची माणसं आली आणि करवतीने भिंत कापून लाकडी पेटीतून घेऊन गेली.

ती भिंत अजून सुकलेली नाही.

सुरुवातीला त्यांनी तिला काच लावली. काच आतून धुरकट व्हायची, थेंब ओघळायचे. मग काच काढली, ओलावा खेचणारं यंत्र बसवलं. तज्ज्ञ येऊन गेले. कुणी म्हणालं खारी हवा, कुणी म्हणालं मातीतले क्षार. मीही तेच म्हणत आलो. ओलाव्याला शंभर कारणं असतात. पण चित्र ओघळत नाही, रेघ फाटत नाही, बुरशी धरत नाही, फक्त ओलं राहतं. त्या ओल्या चौकावरच संग्रहालयाचं नाव झालं. चार-चार महिने तिकीट मिळत नाही.

इकडे रूपीच्या घरात त्यानंतर एकामागून एक दोन माणसं राहायला आली. वारल्यांच्यात आधी संसार मांडतात आणि ऐपत झाली की पुढे कधीतरी लग्न लावतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पहिला सात महिन्यांत तापाने गेला. दुसरा वर्षभर टिकला, तोही तापानेच गेला. एकाला मलेरिया होता, दुसऱ्याला कावीळ. कागद मी स्वतः वाचले आहेत. मग बरीच वर्षं ती एकटीच राहिली. गेल्या वर्षी तुक्या आला. आता तोही एकोणीस दिवस डहाणूला दवाखान्यात तापाने पडून होता आणि तपासण्यांत काही सापडत नव्हतं.

गुरुवारी रूपी मसोलीला माझ्या घरी आली. बस म्हटलं तर बसली नाही.

"गुरुजी, माजा चौक पुसायचा हाय."

"रूपी, तो आता तुझा राहिला नाही. त्याची नोंद झालीय."

"मंग कोनाचा हाय? लगीन तर माजंच व्हतं."

स्वयंपाकघरातून माझी बायको देवकी म्हणाली, "पुसू द्या की तिला. तुमचं काय जातंय?"

आयुष्यात माझ्या हातून एकच मोठी गोष्ट वाचली, असं मी अठ्ठावीस वर्षं स्वतःला बजावत आलो होतो. मास्तरकी सगळेच करतात. मी रूपीला म्हटलं, पुसायचं वगैरे काही नाही, पण तुला दाखवून आणतो, बघितलंस की मन शांत होईल. ती गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याला होकार समजायची मला जुनी सवय आहे.

तिकिटं सुषमाने मिळवून दिली. सुषमा त्याच पाड्यावरची, माझी विद्यार्थिनी, आता इथे गाइड. तिने आम्हा आठ जणांना कानात घालायची यंत्रं वाटली, म्हणजे गर्दीतही तिचा आवाज नीट ऐकू यावा. रूपीच्या कानात यंत्र बसवताना ती तिच्याशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलली. मी जवळ गेल्यावर थांबली.

"चला, माझ्या मागे राहा," कानात तिचा आवाज आला. गटात सुरतेचं एक जोडपं होतं, तीन कॉलेजच्या मुली आणि एक निवृत्त इंजिनियर. पहिल्या दालनात खांद्याला खांदा लागत होता. लोक चित्रांकडे पाठ करून फोटो काढत होते. सुषमा पाठ केल्यासारखं बोलत होती, मराठीत आणि मग हिंदीत: हा सूर्य, हा तारपा, ही भाताची लावणी. दुसऱ्या दालनात गर्दी तशीच होती, पण तिथे मला वास आला. ओल्या शेणाचा आणि नुकत्याच वाटलेल्या तांदळाचा. इंजिनियरसाहेब म्हणाले, वासाची काहीतरी सोय केलेली दिसते, परदेशात असं करतात.

शेवटच्या खोलीचं दार जड होतं. आत एकावेळी आठच माणसं सोडत, जास्त माणसांचा श्वास भिंतीला चालत नाही म्हणून. दार लागलं आणि बाहेरचा गलका एकदम तुटला. यंत्राची घरघर होती. भिंतीखाली जस्ताचं तसराळं ठेवलं होतं आणि त्यात मधूनमधून थेंब पडत होता.

टप.

समोर फक्त एक दोरी होती. पलीकडे चौक. अठ्ठावीस वर्षांनी तो मला तसाच दिसला, पहाटे दारातून दिसला होता तसा. पीठ चकाकत होतं. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं: विवाह चौक, चित्रकार अज्ञात. त्या बायकांची नावं मला आजही पाठ आहेत. मला कुणी विचारली नाहीत आणि मीही आपण होऊन सांगितली नाहीत.

"धवलेरीचं गाणं झालं," सुषमाचा आवाज कानात सांगत होता, "की नवरा चौकापुढे नवरीचा हात धरतो. हात धरला की लग्न लागलं. भटजी नाही, मुहूर्त नाही." कॉलेजच्या मुली हसल्या. सुरतेच्या माणसाने बायकोचा हात धरला आणि तिने तो झटकला.

"या चौकापुढे हात धरलाच गेला नाही," सुषमा म्हणाली. तिच्या रोजच्या बोलण्यात हे वाक्य नसणार, कारण तिचा सूर बदलला. "म्हणून पीठ वाट बघतंय, असं आमच्याकडे म्हणतात."

टप.

मग ती रखवालदाराला म्हणाली, बाहेर रांग मोडतेय, जरा बघून या. तो गेला. "आता सगळ्यांनी मागच्या भिंतीकडे वळा. तिथे जुना फोटो आहे. नीट बघा, घाई करू नका."

सगळे वळले. सुषमाही वळली, अगदी पाठमोरी.

मी वळलो नाही.

रूपीने दोरीखालून वाकून पाऊल टाकलं. पदराखालून हात बाहेर आला. मुठीत शेणाने भिजवलेलं फडकं होतं. ती घाबरलेली नव्हती. घरातलं राहून गेलेलं काम उरकायला आल्यासारखी ती सरळ देवीच्या समोर जाऊन उभी राहिली.

तुक्या मला आठवत होता. एकोणीस दिवस, हेही आठवत होतं. हे सगळं आठवत असताना मी दोरी ओलांडली, हे मला सांगितलंच पाहिजे. मी विचार न करता काही केलं नाही. चित्र आणि माणूस यांतलं काय वाचवायचं हे मला त्या क्षणी नीट विचारलं गेलं होतं आणि मी उत्तर दिलं.

मी तिचा हात धरला.

"गुरुजी, सोडा." सुषमाचा आवाज. ती माझ्याकडे बघतही नव्हती, फोटोच्या काचेत तिला मी दिसलो असणार, पण तिचं बोलायचं यंत्र चालू होतं, सगळ्यांच्या कानात तो शब्द गेला. सगळे वळले. "सोडा तिला!"

रूपीचा हात ओला आणि गार होता. तिने एकदाही हिसका दिला नाही. फडकं खाली पडलं. ती माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होती.

तसराळ्यात थेंब पडायचा राहिला.

मी मोजत थांबलो. दहा. वीस. पडला नाही.

मग पीठ सुकायला लागलं. सारवलेलं अंगण उन्हात सुकतं तसं कडेकडून आत, पांढरं फटफटीत होत, अगदी देवीपर्यंत. ओलावा खेचणारं यंत्र खटकन आपोआप बंद झालं.

"अरे वा," इंजिनियरसाहेब म्हणाले. मुलींनी मोबाइल वर धरले.

सुषमाने हळूच कानातलं यंत्र काढलं. बाहेर जाताना ती मला वळसा घालून गेली. रूपीच्या मात्र वाकून पाया पडली, आपल्याकडे नव्या नवरीच्या पाया कुणी पडत नाही, पण ती पडली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आत पळापळ सुरू झाली होती. चौक सुकला ही बातमी दाराबाहेरच्या रांगेत पोचलीही होती आणि लोक तिकिटाचे पैसे परत मागत होते. रूपीची पिशवी परत घेतली तोच आतला तिचा साधा फोन वाजला. तुक्याचा भाऊ मिथुन होता. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं.

"वहिनी, दादा उठून बसला! ताप नाय, काय नाय. पेज मागतो. तू कवा येतेस?"

रूपी तिथेच पायरीवर बसली आणि रडली. मला इतका मोकळा श्वास आला की मी हसलो. "बघ," मी म्हटलं, "मी सांगत होतो ना? औषध लागू पडलं. उगाच त्या भिंतीला बोल लावत होतीस."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रडणं थांबलं. मग फोनमध्ये म्हणाली, "त्याला पेज दे. मीठ जास्ती घालू नको. मी नाय येत आता."

"म्हंजे? कवा येतेस?"

"नाय येत," असं म्हणून तिने फोन बंद केला.

"अगं, असं काय करतेस?" मी विचारलं. "रिक्षा करू, तासाभरात दवाखान्यात पोचशील."

ती उठली. शेणाचा हात पातळाला पुसला आणि त्याची पालथी बाजू माझ्या कपाळाला लावली. अठ्ठावीस वर्षांत तिने मला कधी साधा स्पर्श केला नव्हता. हात क्षणभर तिथे ठेवला आणि काढला. तीन माणसांच्या कपाळाला हात लावून ताप बघितलेल्या बाईचा तो हात होता.

"काय आहे?" मी विचारलं.

"काय नाय. चला."

रिक्षा तिनेच थांबवली. मला आधी आत बसवलं, मग माझ्या शेजारी बसली.

"डहाणूला, दवाखान्यात ना?" रिक्षावाल्याने विचारलं. येताना त्यानेच आणलं होतं आणि तेव्हा ती त्याला तुक्याचं सगळं सांगत होती.

"नाय. मसोलीला. यांच्या घरी," रूपी म्हणाली. "आनि हळू घे, दादा. माजा मानूस आजारी हाय."

मला काहीसुद्धा होत नव्हतं. तसं सांगायला मी तोंड उघडलं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि वेग कमी केला.