बाळकुमच्या मांडवाचं छत

बाळकुमच्या मैदानात हळदीचा मांडव उभा राहत होता आणि तो पोरगा सकाळपासून तिसऱ्यांदा फोटो काढत होता. संचिताचं डोकंच फिरलं. बाबांच्या मागे डेकोरेशनचा धंदा तिने हातात घेतला, त्यातली ही पहिली मोठी ऑर्डर. छताचं कापड कोरं करकरीत. कोणी डिझाइन ढापलं तर?

"ओ हिरो! कोणी पाठवलंय तुला?"

"आभाळाचे फोटो काढतोय... तुमचा मांडव मध्ये येतोय."

"अस्सं! आम्ही मध्ये येतो काय?"

तो हसला. मेल्याच्या गालाला खळी पडते, हेसुद्धा तिला संशयास्पद वाटलं. नाव सम्यक, राहायला विठ्ठलवाडीला, घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात हवामानाचे नकाशे बघतो म्हणे.

"छत उतरवा. संध्याकाळी वादळ येईल."

"नोव्हेंबरात? टीव्हीवर तर हलक्या सरी सांगतायत."

"समुद्रातला कमी दाब काल साधाच होता. आज खूप उंचावरचे वारे त्याच्या डोक्यावर फाकलेत. हॉलचं बाहेर जायचं दार मोठं आणि आत यायचं लहान असलं, तर...?"

"हॉल रिकामा होतो," ती पटकन बोलून गेली.

"तसंच. वरून हवा भराभर निघून जाते, खालून तेवढी भरत नाही. मग दाब धाडकन उतरतो."

तिला सगळं कळलं, म्हणून तर जास्त शंका आली. इतकं गोड समजावणारा माणूस... छत उतरलं की याचाच कोणी दोस्त ऑर्डर पळवायचा!

"नाही आलं वादळ तर?"

"छत मी बांधून देईन. एकटा." त्याने थेट डोळ्यांत बघितलं — आणि नजर तिचीच खाली गेली.

नवरीचे वडील, सहदेवकाका, उखडलेच. "घातलेला मांडव उतरवायचा? अपशकुन गं पोरी!"

"मुहूर्तमेढीला हात लावत नाही, काका. नुसतं छत."

छत उतरवलं. चारपर्यंत लख्ख ऊन. काका रागाने फेऱ्या मारतायत, सम्यक गायब. फसवलं मेल्याने! तिला रडू यायचंच बाकी होतं.

साडेचारला वारा सुटला... आणि पलीकडच्या मैदानातल्या मांडवाचं छत फाटून झाडावर गेलं. संचिताचं कापड टेम्पोत कोरडं होतं. मेढही जागची हलली नाही.

सकाळी सम्यक हजर.

"काल कुठे पळालेलास?"

"खाडीवर. होडीवाल्यांना सांगायला गेलेलो."

"वादळ तर आलं. आता कशाला आलास?"

"छत बांधायला."

"पैज तू जिंकलास. बांधायचं नव्हतं तुला."

"माहितीय... तरी आलो. आवडतेस तू मला, म्हणून."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं.

"गाठ घट्ट मार. मी तपासणार आहे."

"रोज?"

"रोज," ती म्हणाली, आणि या वेळी तिने नजर खाली घेतली नाही.