बॅटरीवरचा निळा ठिपका

ती २०२२ सालची उन्हाळ्याची सुट्टी. समुद्रकाठच्या मुरबे गावात अंगणोअंगणी बोंबील वाळत होते आणि सलोनीची भाविकाताई लॅपटॉपपुढे रडकुंडीला आली होती.

"चार्ज शंभर दाखवतो आणि वीस मिनिटांत बंद!"

उद्या, शुक्रवारी, तिची नर्सिंगच्या शिष्यवृत्तीसाठी तासाभराची ऑनलाइन मुलाखत होती. फोन चालणार नव्हता, लॅपटॉपच हवा. आणि शुक्रवारी दुरुस्तीसाठी गावात दिवसभर वीज नाही!

"पण बॅटरी आठवड्यापूर्वीच नवी घातली ना?" बोईसरहून सुट्टीला आलेल्या आतेभावाने, दर्पणने विचारलं.

"हो ना! दुकानातले बळवंतकाका म्हणतात, तूच नीट वापरत नाहीस."

"थांब, लॅपटॉपलाच विचारू!" दर्पणने काहीतरी टाइप केलं. पडद्यावर बॅटरीचा अहवाल उघडला. "नवी असताना मावत होते एकेचाळीस हजार मिलिवॅट-तास. आता मावतात अकरा हजार!"

"मग चार्ज शंभर टक्के कसा?" सलोनी गोंधळली.

"हंडा काठोकाठ भरलाय गं! पण तळाला गाळ बसून हंडाच उथळ झालाय."

"आठ दिवसांत एवढा गाळ?"

सलोनीने लॅपटॉप बंद करून बॅटरी बाहेर काढली. तिची धाकटी बहीण स्वरा टपलेलीच होती. स्टिकर दिसला की तिची नखं शिवशिवायची.

"स्वरे, वॉरंटीचा आहे तो!"

टर्र! स्टिकरखाली निळा ठिपका, त्यात पांढरी रेघ.

गोमा आजोबा वाकून बघू लागले. मासेमारीच्या जाळ्याच्या प्रत्येक तरंगत्या बोयावर ते हीच खूण रंगवायचे. "ही तर माजी खूण हाय! जुनी बॅटरी दुकानात दिली, तवा हरवू नाय म्हणून मीच काढली."

"म्हणजे जुनीच परत आली!" सलोनी उठली. "चला, उद्या दुकान बंद असतं!"

दुपारच्या एसटीने सलोनी, दर्पण आणि स्वरा बोईसरला बळवंतकाकांच्या दुकानात पोचली. सलोनीने बॅटरी पिशवीतच ठेवली.

"काका, आमची जुनी बॅटरी द्या ना. आजोबांची निळी खूण आहे तिच्यावर."

"देतो की! मी काही फेकत नाही." काकांनी खण उघडला आणि हात थबकला. आत नव्या बॅटरीचा बंद खोका. वर चिठ्ठी: 'भाविका, मुरबे'.

सलोनीने हळूच पिशवीतली बॅटरी काउंटरवर ठेवली. ठिपका वर करून!

काकांनी बॅटरी उलटसुलट करून पाहिली. "गर्दी होती गं... न बघता जुन्या बॅटरीवरच स्टिकर चिकटवला मी. आणि वर त्या पोरीलाच बोललो!" त्यांनी नवी बॅटरी सलोनीच्या हातात दिली, तिथूनच भाविकाताईला फोन लावला आणि माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी मुलाखत संपली, तेव्हा चार्ज अजून निम्मा बाकी होता!

"शाब्बास रे माज्या खलाशांनो!" म्हणत आजोबांनी तिघांच्या दप्तरांवर निळा ठिपका काढला.

भाविकाताई आता पालघरला नर्स आहे. बळवंतकाका नव्या बॅटरीचा अहवाल गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय स्टिकरला हात लावत नाहीत. दर्पण इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. स्वरा अजून स्टिकर उचकटते. गोमा आजोबा गेल्या वर्षी गेले. सलोनीचं ते दप्तर फाटलं, पण ठिपक्याचा तुकडा कापून तिने नव्या दप्तरावर शिवला आहे. टाके वाकडे आहेत, पण घट्ट आहेत.