पास्कलच्या टाकीतले पांढरे ठिपके

पास्कल लोपीसच्या मुलीचा, टिफनीचा साखरपुडा झाला ते २०२३ साल. साखरपुडा ईस्टरनंतर लगेच झाला आणि लग्न मे अखेरीस ठरलं. मधल्या दिवसांत पास्कलच्या काचेच्या टाकीतले मासे मरू लागले.

एका शनिवारी सकाळी पास्कलची बायको हिल्डा आगाशीच्या बाजारात जयवंती वर्तकांच्या कचेरीत आली. जयवंतीबाई खासगी तपास करत. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. त्यांचे यजमान सुधाकरराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची स्कूटर चालवत आणि तपासाचे निष्कर्ष काढत. स्कूटर ते बरी चालवत.

"जयवंतीबाय, माझ्या पोरीचं लग्न मोडतंय," हिल्डा म्हणाली. "माशांवरून."

"कालवण बिघडलं काय?" सुधाकररावांनी विचारलं.

"खायचे नव्हेत हो, पाळायचे! स्टॅनीनं, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयानं, साखरपुड्याच्या आधी चार गोल्डफिश आणून दिले. त्याचं विरारला माशांचं दुकान आहे. आता घरातले जुने मासे आजारी पडले. हे म्हणतात, त्यानंच रोग आणला. ज्याच्या मालाचा भरवसा नाही, त्याच्या घरी मुलगी देत नाही. उद्याच्या रविवारपासून चर्चमध्ये दोघांची नावं पुकारणार, या लग्नाला कोणाची हरकत आहे का म्हणून. हे संध्याकाळी फादरांना नको म्हणून सांगायला निघालेत."

"म्हणजे आपल्याला संध्याकाळपर्यंत वेळ आहे," जयवंतीबाई उठल्या. "अहो, किल्ली घ्या."

नंदाखालला लोपीसांच्या ओटीवर एक मोठा प्लास्टिकचा टब होता. त्यात स्वच्छ पाणी, हवेची एक नळी आणि चार गोल्डफिश. बाकी काही नाही. मासे टवटवीत होते. जयवंतीबाईंची सावली पडताच खाऊ मागायला वर आले.

"हे स्टॅनीचे?"

"त्याचेच," पास्कल म्हणाला. उंच, वाळकुडा माणूस, खांद्यावर टॉवेल. "नवा मासा मी कधीच थेट टाकीत सोडत नाही. महिनाभर ओटीवर. त्यांची जाळी वेगळी, पाण्याचा मग वेगळा. यांना हात लावला की साबणानं धुतल्याशिवाय आत जात नाही. आणि या टबाजवळ दुसऱ्या कोणाला येऊ देत नाही."

"मग रोग आत गेला कसा?"

"तेच तर! त्या पोराचं काहीतरी कारस्थान."

हॉलमधली टाकी मोठी होती. हिरव्यागार पाणगवतातून पाच-सहा मासे सुस्त फिरत होते. अंगावर साखर भुरभुरावी तसे पांढरे ठिपके. एक मासा दगडाला अंग घासत होता. काचेवरून तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय चढत होती.

"ही विकत आणली?"

"गोगलगाय कोण विकत आणतो? आपोआप होतात."

"पास्कलभाऊ, या टाकीत बाहेरचं काही घातलं होतं का? आठवून सांगा."

"काही नाही." पास्कलनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. "देवाशपथ."

खोटं बोलणाऱ्याचा चेहरा तो नव्हता.

हिल्डानं सरबत आणलं. "साखरपुड्याच्या दिवशीच मला वाटलं होतं काहीतरी अपशकुन होणार," ती म्हणाली. "सकाळी लादी पुसून घेतली, तर हॉलभर काळ्या चिखलाचे पाय. पाहुणे यायचे, आणि पुरुषांना कशाचं काही आहे का!"

"पुरुषांना दोष देणं सोपं असतं," सुधाकरराव म्हणाले आणि दुसरा ग्लास उचलला.

टिफनीचा भाऊ ॲल्रॉय जहाजावर नोकरीला होता, रजेवर आलेला. त्यानं लपवलं काहीच नाही. "मला टाकीच्या जागी टीव्ही पाहिजे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण मासे मारून टीव्ही येत नाही, आंटी. पप्पा तिथं दुसरी टाकी ठेवतील. साखरपुड्याला मी फक्त टाकीच्या वर लाइटची माळ सोडली."

पास्कलची बहीण फेलिशिया शेजारीच राहायची. "मला तो कळंबचा स्टॅनी पसंत नाही, तोंडावर सांगते. पापडी गावचा बँकेतला मुलगा मी आणला होता. पण माशांना मी हात लावत नाही, वास येतो. साखरपुड्याला मात्र टाकी पहिल्यांदा बरी दिसली. एरवी काचेची बोडकी पेटी नि आत मासे."

"हीच!" बाहेर येताच सुधाकरराव कुजबुजले. "पापडीच्या मुलासाठी!"

"अहो, विष घातलं तर सगळे मासे एकदम जातील. हे ठिपके आधी एकावर आले, मग दुसऱ्यावर. हा पसरणारा रोग आहे."

तेवढ्यात स्टॅनी मोटारसायकलवरून आला. आत न येता तो ओटीखालीच उभा राहिला. डोळे जागरणानं लाल.

"बाई, मी तीनदा सांगितलं, पानी थोडं गरम करा, मी औषध देतो. काका मला टाकीकडे जाऊच देत नाहीत. दुकानाचं नाव गेलं तर पुन्हा उभं करीन. पन टिफनीला काय सांगू? ती सकाळपासून जेवली नाही."

"तुझ्या दुकानात पाणगवत विकतोस?"

"प्लास्टिकचं. खरं आनलं तर गोगलगायी येतात."

जयवंतीबाईंच्या कपाळावरची आठी गेली. "चला अहो, वाडीत फिरून येऊ."

"या उन्हात?"

केळींच्या मधून वाट जात होती. जमीन कोरडी, वाळूसारखी भुसभुशीत. वाडीच्या टोकाला बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी खणलेलं जुनं तळं. पाणी खाली गेलेलं, काठ काळा. पाण्यात बोटभर मासे चमकत होते. सुधाकररावांनी वाकून पाहिलं आणि एक पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"जयू! बूट!"

"राहू दे तसाच. आज पहिल्यांदा तुम्ही पुरावा आणलात." बाईंनी काठीनं पाण्यातलं काहीतरी ओढून रुमालात घेतलं.

हॉलमध्ये सगळे जमले. टिफनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"ओटीवरचे मासे रोगाचे असते, तर आधी तेच आजारी पडले असते," जयवंतीबाई म्हणाल्या. "ते ठणठणीत आहेत. म्हणजे स्टॅनीचा माल चोख. रोग थेट या टाकीत आला. कशातून? ही गोगलगाय पाहा. ती नळातून येत नाही, स्टॅनीच्या दुकानात नाही. ती येते ताज्या पाणगवताबरोबर. फेलिशियाबाई, टाकी एरवी बोडकी असते ना?"

"हो. त्या दिवशीच हिरवीगार."

"आणि हिल्डाबाय, चिखलाचे पाय. पाऊस नाही, वाडी कोरडी. काळा चिखल आला कुठून?" त्यांनी नवऱ्याच्या बुटाकडे बोट केलं. सुधाकररावांनी पाय मागे घेतला, पण डाग पडायचा तो पडलाच होता.

"बावखल!" हिल्डा ओरडली. "आणि ते पाय यांचे होते!"

जयवंतीबाईंनी रुमाल उघडला. टाकीतलं पाणगवत नि रुमालातलं, दोन्ही एकच. रुमालातल्या पानाखालीही तशीच इवली गोगलगाय होती.

"पाहुण्यांसाठी टाकी सजवलीत, पास्कलभाऊ. बावखलातल्या माशांचा रोग त्या गवतावरून, त्याला लागलेल्या पाण्यातून आत आला."

"पण तुम्ही विचारलंत, बाहेरचं काही घातलं का," पास्कल गोंधळून म्हणाला. "ते बाहेरचं कुठं? आपलंच बावखल. माझ्या आजोबांनी खणलेलं."

"माशांना तुमचे आजोबा ठाऊक नाहीत. कळंबच्या पोराकडून आलेलं ते तुम्ही महिनाभर तपासलंत. घरचं ते धुतलंसुद्धा नाही."

ॲल्रॉयला हसू फुटलं. फेलिशिया छताकडे पाहू लागली.

"टिफनी," पास्कल म्हणाला, "जेवून घे." मग दाराकडे वळला. "स्टॅनी, औषध आणलंस?"

"खिशातच आहे, काका. रोज घेऊन फिरतोय."

"मग मला सांग कसं घालायचं."

हिल्डानं विचारलं, "आणि फादरांकडे जाणार होतात ते?"

"जाणार तर. जरा मोठ्यानं पुकारा म्हणून सांगतो. मागच्या बाकांवर ऐकू जात नाही."

लग्न ठरल्या दिवशी झालं. जुन्या माशांतले तीन वाचले. पास्कल लोपीस पुढल्या वर्षी, २०२४च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी वारला.