डावखुऱ्या गिटारचा मिस्तरी

वाद्यांच्या दुकानाच्या मालकांचा नवा चष्मा पोचवायला ती तिथे शिरली, आणि चष्मा हातातच राहिला. भिंतीवर सगळ्यात वर, धूळ खात, एक इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती. फिकट हिरवी. बाकीच्या सगळ्या एका बाजूला तोंड करून... ही एकटीच दुसऱ्या बाजूला.

"ही उलटी का आहे?"

"कारखान्यातून चुकून आली," मालक म्हणाले. "तीन वर्षं झाली, कुत्रं विचारत नाही."

"उलटी नाहीये," पडद्यामागून आवाज आला. "डावखुरी आहे."

मागोमाग आवाजाचा धनी बाहेर आला. दुकानाचा दुरुस्तीवाला. सगळे त्याला मिस्तरीच म्हणायचे. कपाळावर चढवलेलं भिंग, बाहीला कथिलाचे थेंब. तिनं मालकांना चष्मा दिला – डाव्या हातानं. ते त्यानं बघितलं. स्टूल ओढलं, चढला, गिटार उतरवली, बाहीनं पुसली आणि तिच्यासमोर धरली.

डावखुऱ्या माणसाचं जगणं उजव्यांना सांगून कळत नाही, म्हणून कुणी सांगतच नाही. कात्री उजव्यांची. बाकाची फळी उजव्यांची. पट्टीचा मार तेवढा डाव्या हातावर! ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, तिथलं यंत्रसुद्धा उजव्यांचं. आठ वर्षं दादाची गिटार उलटी धरून ती वाजवत आली होती. जाड तारा खाली, बारीक वर, आणि मनगटात कायमची कळ. आज पहिल्यांदा एक वस्तू तिच्या मांडीवर नीट बसली. अगदी नीट.

तिचे डोळे भरले. त्याचाच तिला राग आला.

"काचेचा कण गेला डोळ्यात," ती म्हणाली.

"काचा तुमच्या दुकानात असतात. इथे फक्त धूळ आहे," मिस्तरी म्हणाला.

गिटार तिनं विकत घेतली. आवाज मात्र अगदी मेंगळट. तारांखाली दोन पिकअप असतात – चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तारेची वेटोळी. वाजणाऱ्या तारेची थरथर तेच पकडतात, म्हणून इलेक्ट्रिक गिटार बोलते. कारखान्यानं हिच्यात टाकाऊतले दोन बसवले होते. डावखुऱ्यांना काय, मिळतंय तेच खूप!

"नवे बसवू," मिस्तरी म्हणाला. "तीन संध्याकाळी लागतील."

"एका दुपारचं काम आहे ते!" मालक गल्ल्यावरून ओरडले.

"तीन," मिस्तरी मान वर न करता म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी जुने पिकअप निघाले. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं कथिल वितळवून तारा जोडायची सोल्डरिंग गन तिच्याच हातात दिली.

"माझ्या हातून बिघडेल."

"काही बिघडत नाही. तुमच्या हाताची सावली कामावर पडतेय, एवढंच."

त्यानं टेबलाच्या डाव्या कडेला जखडलेला दिवा सोडवला आणि उजव्या कडेला लावला. त्याच्या कामासाठी दिवा कित्येक वर्षं तिथेच होता हे लाकडावरच्या खुणा सांगत होत्या. तिच्यासाठी आजवर कुणी साधी खुर्ची सरकवली नव्हती... तिनं तारेवर कथिल टेकवलं. धुराची बारीक रेघ दोघांच्या मधून वर गेली.

"श्वास घ्या की," तो हळूच म्हणाला.

"घेतेय."

"नाही घेत आहात."

तिसऱ्या संध्याकाळी गिटार खणखणीत बोलली. दोन्ही पिकअप एकत्र लावले की भरदार, एकेकटा लावला तरी गोड.

"माझ्या टेबलावरून गेलेलं काम परत येत नाही," तो अभिमानानं म्हणाला.

म्हणजे तिचं यायचं कारण संपलं!

'तुमच्याशी बोलायला आवडतं.' तीन शब्द. गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरची काच दिली म्हणून आपल्या साहेबाशी भांडणारी ही बाई, तीन शब्दांपुढे तिची वाचा बसली.

रविवारी दुपारी तिनं जेवणाच्या टेबलावर गिटार उघडली आणि एका पिकअपच्या दोन तारा उलट्या जोडल्या. असं केलं की एकेकटा पिकअप नीट वाजतो, पण दोन्ही एकत्र लावले की एकमेकांचा आवाज खातात. उरतो पोकळ, नाकातला सूर. हे तिला त्यानंच शिकवलं होतं.

"चांगली वाजत होती की गं," वहिनी म्हणाली.

"आता नाही वाजत."

"अगं, तूच तर मघापासून तारा उपटतेयस! ...मिस्तरी देखणा आहे का?"

"त्याच्या कपाळावर भिंग असतं."

"म्हणजे आहे," वहिनी म्हणाली.

सोमवारी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तिनं दोन्ही पिकअप एकत्र लावून वाजवलं. पोकळ सूर ऐकून मालक उसळले.

"आलं ना काम परत? तीन संध्याकाळी घालवून हे दिवे लावलेस? गप्पा मारायला टेबल दिलंय का तुला? उद्यापासून कामं बाहेर देतो, तू घरी बस!"

मिस्तरीनं मागची पट्टी उघडली. आत बघितलं... जरा जास्तच वेळ.

"चूक माझी," तो म्हणाला.

ती थिजली. आपलं कारण तयार करताना त्याच्या पोटावर पाय येईल हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. गप्प राहिली तर त्याचं टेबल जाणार. बोलली तर परक्या माणसांसमोर तिची शोभा.

"त्यांची चूक नाही," ती म्हणाली. "तारा मी उलटवल्या. काल. मुद्दाम."

"मुद्दाम? वेड लागलंय का? कशाला पण?"

"कारण..." तिनं गिटारकडे बोट दाखवलं. "कारण गिटार नीट झाली होती! आणि मला इथे परत यायचं होतं. यांच्याकडे. झालं? बोलवा आता सगळ्या गल्लीला!"

गिऱ्हाइकं बासऱ्या न्याहाळू लागली. मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पुढच्या वेळी नुसतं येत जा," ते पुटपुटले. "चांगल्या वस्तूची मोडतोड करू नये."

पडद्यामागे मिस्तरीनं गिटार पालथी ठेवली. तिचे कान अजून तापलेले होते.

"तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"बघताक्षणी कळलं. तारांचा पीळ बघा. माझा हात असा पीळ देत नाही. डावा हात देतो."

"मग बोलला का नाहीत? नोकरी गेली असती!"

"बोललो असतो तर तुम्ही चोरासारखं निघून गेला असता... पुन्हा कधी आला नसता."

"मूर्ख आहात तुम्ही!"

"असेन." त्यानं सोल्डरिंग गन उचलली. "तारा सरळ करू?"

"कर. पण आधी सांग, रविवारी दुपारी काय करतोस तू?"

'तू' ऐकलं मात्र, गनचं टोक मिस्तरीच्या बोटाला लागलं.

"काही नाही," चटका बसलेलं बोट तोंडात धरून तो म्हणाला. "रविवारी मी... काहीच करत नाही. तू म्हणशील तिथे येतो."