सुकलेल्या पट्ट्या आणि मिक्सरवाला

तिच्या काकूच्या बेकरीतला मिक्सर दुरुस्त करणारे मामा नेहमी गुपचूप यायचे, मिक्सर ठेवून गुपचूप जायचे. त्या दिवशी मामांची कंबर धरली आणि आला त्यांचा भाचा. तिथूनच घोळ सुरू झाला.

बेकरीतल्या केकवरची नक्षी तीच काढायची. आता तिच्यासमोर लग्नाचा तीन थरांचा पांढराशुभ्र केक होता. त्यावर वेल काढायची होती... गमपेस्टच्या, म्हणजे साखरेच्या लवचीक लगद्याच्या, कागदासारख्या पातळ पट्ट्या गुंडाळून, कडेवर उभ्या चिकटवून. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. काकूने सकाळीच बजावलं होतं, "मागच्या वेळी नाचक्की झाली. आजचा केक नीट गेला नाही, तर ही नक्षी बंद. काउंटरवर बसायचं आणि पाव विकायचे!" दुकान काकूचं, वाद घालायची सोय नव्हती.

पट्ट्या कापून तिने प्लॅस्टिकखाली झाकल्या आणि काकूने हाक मारली म्हणून ती बाहेर गेली. परत येऊन बघते तर काय... प्लॅस्टिकची घडी बाजूला, वर पंखा गरगरतोय, आणि खाली भाचेबुवा हसतमुखाने उभे!

"पंखा कुरकुरत होता, तोही नीट केला," तो म्हणाला. "आणि तुमच्या या पट्ट्या दमट वाटल्या, म्हणून जरा वाऱ्याला लावल्या."

"वाऱ्याला?" तिने एक पट्टी टूथपिकभोवती वळवली. कट्! दुसरी घेतली. कट्!

"अहो, त्या मऊ राहाव्यात म्हणून तर झाकल्या होत्या!"

"आमच्याकडे तारेच्या गुंडाळीत ओल राहिली की मोटर जळते..." तो चाचरला.

"ही मोटर आहे का? केक आहे केक!"

"मग... आता?"

"आता माझं कपाळ! आधी तो पंखा बंद करा."

दुसरा कोणी असता तर पाय लावून पळाला असता. याने कोपरापर्यंत हात धुतले आणि काकूचा फुलाफुलांचा एप्रन चढवला. "दिवसभर तारच गुंडाळतो मी. दाखवा, कसं करायचं." त्या एप्रनमध्ये तो इतका विचित्र दिसत होता की तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

तिने नवी पेस्ट लाटली, पट्ट्या कापल्या. त्याची बोटं भराभर चालायची, पण प्रत्येक गुंडाळी दगडासारखी घट्ट.

"इतकं आवळू नका हो! बोटातून सोडायची, जरा उलगडू द्यायची, मग टोक चिमटायचं. झाली पाकळी."

"आणि सोडल्यावर सुटूनच गेली तर?"

"तर पुन्हा गुंडाळायची! इकडे काय बघताय? हातातलं बघा."

"तुमच्या भुवईला साखर लागलीय."

"लागू दे!"

"हो... छान दिसतेय." तो गडबडला. "म्हणजे... साखर."

तिचे कान तापले. नेमकी तेव्हाच हातातली पाकळी वाकडी झाली. याचंही खापर तिने मनातल्या मनात त्याच्याच डोक्यावर फोडलं.

वेळ संपत आला. पाकळ्या कमी पडल्या, तशा तिने त्याच्या घट्ट गुंडाळ्या वेलीच्या टोकांना चिकटवल्या.

काकू चष्मा सावरत आली. "या आवळलेल्या गुंडाळ्या कुणी केल्या? हा तुझा हात नव्हे."

त्याने तोंड उघडलं, पण ती आधी बोलली. "मीच चिकटवल्यात. वेलीला कळ्या नसतात का, काकू?"

काकू काही म्हणणार, तोच गिऱ्हाईक आलं. नवरीची आई केकभोवती हळूहळू फिरली आणि म्हणाली, "अगंबाई! या कळ्या किती गोड आहेत!"

दिवसभर पाकळ्या वळून बोटं हिची दुखली, आणि कौतुक कुणाचं, तर कळ्यांचं! तिने दात-ओठ खाल्ले. पण केक गाडीत चढला तशी काकू म्हणाली, "आतलं टेबल तुझं. पाव मी विकते." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

त्याने एप्रन उतरवला, हत्यारांची पिशवी उचलली. "येतो मग. पुढच्या वेळी मामाच येतील."

सुटले एकदाची, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"अहो, तुम्ही आलात ना, की माझं डोकं फिरतं!"

"माहीत आहे. म्हणून तर निघालोय."

"पूर्ण ऐकून तरी घ्या!" ती वैतागून ओरडली. मग आवाज एकदम खाली आला. "आणि निघालात... की जास्तच फिरतं."

त्याने पिशवी खाली ठेवली.