सातव्या मशीनचा पासवर्ड

बुद्धप्रिया पायऱ्या उतरत होती आणि प्रदीप पायऱ्या चढत होता. तिच्या हातात माउस होते, एक दोन नव्हे, चांगले नऊ. त्यांच्या वायरींच्या गुंत्यात त्याच्या शर्टाचं बटण अडकलं आणि तुटलंच.

"जय भीम म्याडम... कॉम्प्युटर क्लास हितंच का?"

"जय भीम. इथेच. बटण सापडलं का?"

"ऱ्हाऊ द्या की. बटणाचं काय एवढं!"

सात रस्त्याजवळच्या त्या क्लासमध्ये बुद्धप्रिया तीन वर्षं शिकवत होती. प्रदीप करकंबचा, पाटबंधारे खात्यात मोजणीदार. कॉम्प्युटरची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होणार नाही, म्हणून दर शनिवार-रविवारी तो एसटीनं सोलापूरला यायचा. कूलरशेजारचं सातवं मशीन त्यानं पहिल्याच दिवशी पकडलं. बाहेर मे महिन्याचं ऊन पेटलेलं असायचं आणि कूलरच्या गार वाऱ्यासोबत पाण्याचे बारीक थेंब अंगावर यायचे. त्याच्याजवळ उभं राहिलं की तिच्या गालावरही यायचे. आता त्यासाठीच ती तिथे जास्त वेळ उभी राहायची, असं ती स्वतःला सांगायची, आणि आपणही तिला तसं सांगू द्यावं.

शिवाय दुसरंही कारण होतं. हा गडी दर आठवड्याला पासवर्ड विसरायचा.

"म्याडम... परत इसरलो."

"अहो, कालव्याचं पाणी इंचाइंचानं लक्षात ठेवता, आणि आठ अक्षरं राहत नाहीत?"

मग ती त्याला नवीन पासवर्ड टाकायला सांगायची आणि तोंड भिंतीकडे फिरवून उभी राहायची. तिच्या क्लासचा हा पहिला नियमच होता. कुणी पासवर्ड टाकत असेल तर आपण तोंड फिरवायचं.

"बघा की म्याडम. तुमच्यापासनं काय लपवायचं?"

"सगळ्यात आधी माझ्यापासूनच लपवायचं."

"आन् मला न्हाय लपवायचं म्हटलं तर?"

"तर पेपर अवघड काढेन."

"पेपर तर कॉम्प्युटरच काढतो की!"

भिंतीकडे तोंड करून ती हसायची. त्याला दिसत नाही, असं तिला वाटायचं.

परीक्षा झाली आणि त्याच आठवड्यात त्याची अकलूजला बदली झाली. शेवटच्या दिवशी तो बराच वेळ दारात घुटमळला. "म्याडम... एक सांगायचं हुतं..." एवढं म्हणाला, कानापर्यंत लाल झाला, आणि "अकलूजला गेल्यावर फोन करतो" म्हणून निघून गेला. बुद्धप्रियानं मोबाईल जो हातात घेतला, तो पंधरा दिवस खाली ठेवला नाही.

त्याच पंधरा दिवसांत बॅचमधल्या शरणम्माकाकू फसल्या. 'काकू, मोबाईल हरवला, हा नवा नंबर, खालची लिंक उघडा' असा पुतण्याच्या नावानं मेसेज आला. काकूंनी लिंक उघडली आणि त्यांचा अख्खा फोन कुण्या भामट्याच्या ताब्यात गेला. क्लासमध्ये बसून त्या रडल्या. आपण नीट शिकवलं नाही, हे बुद्धप्रियाच्या मनाला फार लागलं.

आणि तिसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, अनोळखी नंबरवरून तिला मेसेज आला. 'म्याडम, मी प्रदीप. मोबाईल कालव्यात पडला. हा नवा नंबर. खालची लिंक उघडा. रविवारच्या आत कळवा, लई गरजेचं हाय.'

तिचं बोट लिंकवर गेलंसुद्धा... आणि थांबलं. नवा नंबर, लिंक, घाई, सगळं काकूंच्या मेसेजसारखंच! तिनं जुन्या नंबरवर फोन लावून पाहिला. बंद. आपण ज्याची वाट पाहतो, तेच दाखवून हे लोक फसवतात, हे तीच तर शिकवायची. आणि ती वाट तर केवढी पाहत होती! स्वतःच्या आशेचाच तिला राग आला. तिनं नंबर ब्लॉक केला.

सोमवारी तो मेसेज तिनं नाव आणि नंबर झाकून पडद्यावर लावला. पुढे प्रत्येक बॅचला लावला.

दीड महिन्यानं, भर दुपारी, महिलांची बॅच भरली होती. पडद्यावर तोच मेसेज होता.

"यात फसवणुकीच्या खुणा कोणत्या?"

"मोबाईल कालव्यात पडला म्हणं!" शरणम्माकाकू ठसक्यात म्हणाल्या. "थाप मारायची तर जरा बरी तरी मारावी की!"

सगळ्याजणी खळखळून हसल्या. बुद्धप्रियाही हसली. हसता हसता तिचं लक्ष दाराकडे गेलं. दारात प्रदीप उभा होता. त्याची नजर पडद्यावर होती.

"त्यो खरंच कालव्यात पडला हुता म्याडम," तो हळूच म्हणाला.

हसणं विरलं. बुद्धप्रिया कशीबशी बाहेर आली.

"प्रदीप... मला वाटलं कुणीतरी... मी जुन्या नंबरवर लावला होता हो फोन!"

"मीबी लावला. लागला न्हाय. ब्लॉक केलं की काय दिसतं, त्ये तुमीच शिकवलेलं." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मला वाटलं, ह्येच उत्तर. सर्टिफिकेट न्यायला आलतो. आन् ही..."

पत्रिका होती. मुलगी माळशिरसची, लग्न पुढच्या रविवारी.

"मोडता नाही येणार?" हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले.

तिच्याकडे पाहून त्यानंच मान हलवली. "ती वाट बघतीया म्याडम. तिचा काय गुन्हा?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "गुन्हा कुणाचाच नाही."

तिनं आतून आणून दिलेलं सर्टिफिकेट घडी न घालता छातीशी धरून तो पायऱ्या उतरला. पहिल्या दिवशीचं बटण अजूनही लावलेलं नव्हतं.

बॅच सुटल्यावर तिनं ती लिंक उघडली. फाइल फक्त तिलाच उघडता येईल अशी ठेवली होती. तेही तिनंच शिकवलं होतं. आत एका बोटानं टाइप केलेल्या चार ओळी होत्या.

'म्याडम, जय भीम. रविवारी घरचे मुलगी बघायला नेणार हायत. तुमी हो म्हणाला तर मी जाणार न्हाय. गप्प बसला तर समजून घेईन, पुन्हा तरास देणार न्हाय. आन् एक कबूल करतो. पासवर्ड मी एकदाबी इसरलो नव्हतो.'

तिनं ते तीनदा वाचलं. सातव्या मशीनपाशी जाऊन तिनं कूलर लावला आणि जुन्या सवयीनं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गालावर थेंब उडत होते. मागे टाइप करायला कुणी नव्हतं, आणि आता तिला हसू लपवायचं नव्हतं. ती पोटभर रडली.