खांदा, छाती, बाही

बसा. दिवा जरा बारीक करते, तुमच्या डोळ्यांवर येतोय. पडद्याकडे बघताय ना? लढाई संपली, लोकांनी खिडक्यांवरची काळी कापडं काढून त्यांची पायपुसणी केली, आणि या बाईच्या खिडकीला अजून काळा पडदा कशाला, असंच मनात आलं असेल. सगळेच विचारतात. मी प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगते. तुम्हाला झालं तसं सांगते.

हा पडदा शिवून आणायला मी शेजारच्या मास्तरांकडे गेले, तिथून सुरुवात. तेव्हा हुकूम होता की अंधार पडायच्या आत खिडक्या काळ्या कापडाने बंद व्हायला हव्यात. फटीतून सुताएवढा उजेड दिसला तरी पहारेकरी दारात हजर. माझी खिडकी रस्त्यावर, म्हणून कापड काखोटीला मारून दिवेलागणीच्या आधी निघाले. निघाले म्हणजे तरी काय, आमची भिंत एकच. त्यांच्याकडे शिलाई मशीन सुरू झालं की माझ्या फळीवरच्या बश्या किणकिणायच्या. मशीन बंद पडलं की मला चुकल्यासारखं व्हायचं आणि मी बघायला जायचे. मास्तर म्हणायचे, "वहिनी, तुम्ही पोलिसात हव्या होतात." मी म्हणायचे, "बोलावलंय कुणी? घरबसल्याच करतेय."

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. बायको लवकर गेली, मूल नाही. बहीण वारली तेव्हा तिचे दोन मुलगे आणून वाढवले. थोरला आणि धाकटा, मी त्यांना कायम तेवढंच म्हणत आले. थोरला मशीनवर बसायचा. कापडाचे तागे एकाच खांद्यावरून वाहून त्याचा डावा खांदा उतरलेला होता, आणि पाय मशीनवर पडला की दातांतून बारीक शीळ सुरू. सूर धड नसायचा, पण ती शीळ ऐकली की गल्लीला बरं वाटायचं. धाकटा इस्त्रीवर. छातीचा कच्चा, कोळशाच्या धुराने सदा खोकायचा, बोलायचा मोजकं. आणि बटणांची काजं करणारी एक मुलगी. लहानपणी आईबरोबर कामाला यायची, आई गेल्यावर तिथेच राहिली. तिला आम्ही सगळे काजवाली म्हणायचो. तिची नजर अशी की भर संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, काळ्या कोटावर काळ्या दोऱ्याने काज करायची आणि टाका हलायचा नाही.

तिचं आणि थोरल्याचं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. तो शीळ घालायचा आणि तिची सुई त्या ठेक्यावर चालायची, याहून जास्त काय ठरवायचं असतं? आणि धाकट्याचंही मला दिसत होतं. हिवाळ्यात तिची बोटं आखडायची, तेव्हा तो एक चिंधी इस्त्रीखाली गरम करायचा आणि काही न बोलता तिच्या मांडीवर ठेवून जायचा. ती चिंधी हातात धरायची, पण मान वर करायची नाही. थोरला हसायचा, "अरे, मलाही एक दे की." धाकटा म्हणायचा, "तुला शीळ आहे."

आता दोऱ्यांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मास्तरांच्या घराण्यात माप कागदावर उतरवत नसत. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाची एक सुती दोरी. टोकापासून पहिली गाठ खांद्याची, दुसरी छातीची, तिसरी बाहीची. खाली ओळखीला त्या माणसाच्या कापडाची चिंधी टाचलेली. भिंतीवर खिळ्यांना अशा दोऱ्या लटकलेल्या, वाऱ्याने हलायच्या. घरच्यांच्याही होत्या. थोरल्याची निळी, धाकट्याची राखाडी. आणि माणूस गेला की मास्तर त्याच्या गाठी सोडवायचे. म्हणायचे, "कापडात अडकून पडू नये कुणी."

थोरला लढाईवर गेला. धाकट्याला छातीमुळे भरतीवरूनच परत पाठवलं. जाताना थोरला तिला म्हणाला, "मशीनला तेल देत जा, नाहीतर माझ्यावर रुसेल." त्यानंतर शीळ नाही, नुसती टकटक आणि खोकला. मग एक दिवस कचेरीतला माणूस सायकल भिंतीला टेकवून दारात उभा राहिला. त्यांची तुकडी नदी ओलांडत होती, पलीकडे पोचलेल्यांत तो नव्हता, एवढंच सांगून गेला.

मी शिवून झालेला पडदा न्यायला गेले ती त्यानंतरची गोष्ट. मास्तरांनी इतके महिने वाट पाहिली होती. त्या संध्याकाळी दिव्याला काळ्या कागदाची टोपी घालून ते बसले होते, त्यांच्या गुडघ्यांपुरताच उजेड. हातात निळ्या चिंधीची दोरी. काजवाली कोपऱ्यात, धाकटा दारापाशी. कोळशाचा आणि ओल्या लोकरीचा वास भरून राहिलेला.

"मास्तर, मी नंतर येते," मी म्हटलं.

"बसा वहिनी. तुमच्यासमोर वाढला तो."

त्यांनी एकेक गाठ सोडवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिसरी गाठ सुटली तेव्हा दाराशी धाकट्याने एकदम श्वास आत ओढला. मी वळून पाहिलं. तो दाराची चौकट धरून उभा होता, उभ्या उभ्या झोप लागावी तसा. काजवाली त्याच्याकडेच बघत होती. रडत नव्हती. मला तेव्हा वाटलं, रडून झालं असेल बिचारीचं.

मास्तरांनी चिंधी काढून खिशात ठेवली. दोरी माझ्या पडद्याच्या वरच्या दुमडीत ओवली. "चांगलं सूत आहे, वाया कशाला? ओढायला होईल," म्हणाले.

ती ही दोरी.

वर्ष उलटलं तेव्हा मास्तरांनी दोघांच्या लग्नाचं काढलं. "या पोरीला मी कुठे पाठवू, वहिनी? आणि तो तिच्यावाचून काय करणार?" ती नको म्हणाली नाही. हो म्हणाली तीही नुसती मान हलवून. मास्तरांनी धाकट्यासाठी राखाडी कोट बेतला. ट्रायलच्या दिवशी मी होतेच, मला कोण अडवणार?

कच्च्या टाक्यांचा कोट मास्तरांनी उचलून धरला आणि तसेच थांबले. डावा खांदा उतरता कापलेला होता. छाती रुंद. त्यांनी भिंतीवरची राखाडी चिंधीची दोरी काढली, गाठींवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हे... हे याचं माप नाही," अगदी हळू म्हणाले. "हे थोरल्याचं आहे."

"मग त्या दिवशी तुम्ही..."

"मी जिवंत पोराच्या गाठी सोडल्या, वहिनी."

धाकटा पुढे आला. "द्या मामा, घालून तर बघतो." त्याने बाह्या चढवल्या. मी समोर होते, माझे डोळे तेव्हा चांगले होते. कोट आधी त्याच्या अंगावर लोंबत होता, दोरीवर वाळत घातल्यासारखा. मग त्याने एक श्वास घेतला. छाती भरली. डावा खांदा सावकाश खाली आला, जसा एखादा ताग्याचं ओझं घेताना आणतो. कोट बसला. कुठे सुरकुती नाही. तो आरशासमोर वळला आणि दातांतून बारीक शीळ घातली, धड सूर नसलेली.

मास्तर स्टुलावर बसले. काजवाली पुढे झाली, गुडघ्यांवर बसून खाली बटणाची जागा खडूने आखू लागली. तिचा हात जराही हलला नाही.

लग्न झालं. मशीनवर आता तो बसायचा आणि शीळ भिंतीतून यायची. खोकला नाहीसा झाला. गल्लीतल्या लोकांना वाटलं, लग्न मानवलं. काजवाली अशी खुललेली दिसायला लागली की रस्त्यात थांबून बघावं. मी मनाला म्हटलं, तुला काय करायचंय? पोरगी सुखात आहे. इस्त्रीला मात्र मास्तरांनी बाहेरचा माणूस ठेवला, कारण हा इस्त्रीला हात लावेना. हिवाळा आला. तिच्या बोटांना भेगा पडल्या, त्यातून रक्त यायचं. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, हल्ली चिंधी गरम करून देत नाहीस तिला?"

"कसली चिंधी, काकू?" तो म्हणाला. खरंच आठवत नव्हतं. हसून पुन्हा शीळ.

त्याच संध्याकाळी पडदा ओढताना दोरी अडकली. बघते तर वरच्या बाजूला एक गाठ. मी बांधली नव्हती. घरात मी एकटी. भिंतीपलीकडे शीळ मध्येच तुटली आणि एक खोकला आला. एकच, लहान, धुराने येतो तसा.

थोड्या वेळाने दार वाजलं. काजवाली. डोक्यावरून शाल.

"काकू, तुमच्या पडद्याच्या दोरीला... काही झालंय का?"

"तुला कसं कळलं?"

ती खिडकीशी गेली. सुईने गाठ उकलली. पलीकडे शीळ पुन्हा लागली.

मग हे नेहमीचंच झालं. कधी खांद्याची गाठ, कधी छातीची. ती यायची, सोडवायची, जायची. मी चहा टाकायचे, तो निवायचा. एकदा मला राहवलं नाही.

"पोरी, मास्तरांची चूक झाली असं सगळे धरून चाललोय. पण त्या दोऱ्यांना चिंध्या टाचायचं काम कुणाचं होतं?"

ती बोटं बघत राहिली. "जुन्या चिंध्या विरल्या होत्या, काकू. मामांनी सांगितलं, नव्या लाव."

"आणि तुझी नजर तर..."

"मी एकाचीच वाट पाहत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, त्याच्या गाठी राहिल्या तर तो कुठेतरी राहील. एवढंच वाटलं. दुसऱ्याचं काय होईल ते... मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे."

"हो."

"तो काही म्हणतो का तुला? धाकटा?"

"तो कधीच काही म्हणायचा नाही, काकू," ती म्हणाली आणि शाल ओढून निघून गेली.

मी त्या रात्री दोरी काढून टाकणार होते. हात लावला नाही. कुणाच्या बाजूने काढायची, तेच कळेना.

लढाई संपली. गल्लीभर पडदे उतरले, खिडक्यांतून उजेड रस्त्यावर सांडला, पोरं त्यात उड्या मारत होती. काजवाली आली. "काकू, आता पडद्याचं काम नाही. दोरी मला द्या. चुलीत घालते, म्हणजे रोजचं संपेल."

मी म्हटलं, "तूच काढ."

ती स्टुलावर चढली. दोरीला गाठी होत्या, आज तिन्ही, घट्ट. खांदा, छाती, बाही. तिने हात घातला आणि थांबली. मग दोन्ही हातांच्या मुठीत तिने दोरी धरली, आणि भेगाळलेली बोटं गालाला लावली.

"काय गं?"

"गरम आहे," ती म्हणाली.

मी उठून हात लावला. खरंच गरम होती. इस्त्रीखालून नुकती काढल्यासारखी. जरासा कोळशाचा वासही होता.

तिने गाठी सोडवल्या नाहीत. स्टुलावरून उतरली, भिंतीला पाठ टेकून बसली आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला रडताना पाहिलं. भिंतीपलीकडची शीळ बारीक होत होत थांबली. खोकला सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी तो राखाडी कोट खुंटीवर होता. हा जुन्या सदऱ्यात, खांदे सरळ, छाती आत, इस्त्रीशी उभा. मला बघून ओशाळला. "काकू, फार झोपलो होतो का मी?" तिच्या मांडीवर गरम चिंधी होती. तिने आता मान वर केली होती.

तेव्हापासून सगळं ठीक आहे. दोघं संध्याकाळी चहाला माझ्याकडे येतात, मास्तरही येतात. त्यांना आता दिसत नाही, मशीनवर बसायचं त्यांनी केव्हाच सोडलं. कोटाचं मी एकदा विचारलं, की जाळून का टाकत नाही? ती म्हणाली, "अस्तरात त्याची, भिंतीवरची ती दोरी मीच शिवलीय, काकू. गाठींसकट. ती सोडवायला माझे हात होत नाहीत."

कालही तिघं इथेच होते, तुम्ही बसलाय तिथे मास्तर, पलीकडे ही दोघं. घराला कुलूप, किल्ली तिच्या पदराला. चहा ओतत होते आणि माझ्या फळीवरच्या बश्या किणकिणायला लागल्या. भिंतीपलीकडे मशीन चालू झालं होतं. संथ, मग लयीत. मास्तरांनी मान वळवली. धाकट्याने कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. कुणी उठलं नाही.

मग शीळ आली.

ती डोळे मिटून ऐकत होती. बोटं मांडीवर ठेक्याने हलत होती, सुई नसताना. जरा वेळाने डोळे न उघडताच म्हणाली, "काकू, पडदा ओढा. उजेड दिसला तर तो थांबतो."